काळे, सावळे आणि यशस्वी

२०२२च्या लक्ष्मीपूजनाला, म्हणजे २४ ऑक्टोबरला, ऋषी सुनक ब्रिटनच्या हुजूर पक्षाचे नेते झाले आणि दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान. आपल्याकडे फराळ करता करता लोकांनी ती बातमी पाहिली आणि ‘आपला माणूस’ म्हणून कौतुकाला उधाण आलं. दोन वर्षांनी, पुन्हा दिवाळीतच, पाडव्याच्या दिवशी म्हणजे २ नोव्हेंबर २०२४ रोजी, त्याच पक्षाने सुनक यांच्या जागी केमी बेडनॉक यांची निवड केली. आधीचा नेता भारतीय वंशाचा, नंतरची नायजेरियन वंशाची. दोघंही १९८० साली जन्मलेले, दोघांचेही वडील डॉक्टर. ज्या पक्षाने साम्राज्य चालवलं, त्याची सूत्रं साम्राज्यातल्या लोकसंख्येने सर्वांत मोठ्या दोन वसाहतींच्या लेकरांकडे लागोपाठ गेली.

सुनक यांचे आजी-आजोबा पंजाबातून पूर्व आफ्रिकेत गेले आणि तिथून कुटुंब इंग्लंडला आलं. खासदारकीची शपथ त्यांनी भगवद्गीतेवर हात ठेवून घेतली. बेडनॉक यांचा जन्म लंडनमधल्या विम्बल्डनचा, पण बालपण लागोसचं. आई शरीरक्रियाशास्त्राची प्राध्यापक. नायजेरियाची अर्थव्यवस्था ढासळत असताना सोळाव्या वर्षी त्या एकट्या लंडनला परतल्या आणि शिकता शिकता त्यांनी मॅकडोनाल्डमध्ये काम केलं. आपण नायजेरियन म्हणवण्यापेक्षा योरुबा म्हणवून घेऊ, असं त्यांनी डिसेंबर २०२४मध्ये एका मुलाखतीत सांगितलं, तेव्हा नायजेरियात मोठा गदारोळ झाला. समतेचं खातं सांभाळत असताना त्यांनी ब्रिटनमध्ये वंशभेद मुरलेला आहे हे म्हणणं ठामपणे खोडून काढलं होतं. गोऱ्यांच्या विशेषाधिकाराचा सिद्धान्त शाळेत निर्विवाद सत्य म्हणून शिकवायला त्यांचा विरोध होता.

काळ्या बाईने हे म्हणावं याचं पुष्कळांना नवल वाटलं. नवल वाटण्याचं कारण नाही. नायजेरियात वाढलेल्या मुलीच्या भोवती न्यायाधीश काळा असतो, लष्करशहा काळा असतो, वर्गातला पहिला काळा आणि शेवटचाही काळा. तिथे माणसाची ओळख योरुबा, इग्बो, हौसा अशी होते. कातडीचा रंग कुणी विचारत नाही. चिमामांडा न्गोझी अडिची या लेखिकेने अनेकदा सांगितलं आहे की आपण काळ्या आहोत हे आपल्याला अमेरिकेत पाऊल ठेवल्यावर कळलं. तिची २०१३ची ‘अमेरिकाना’ ही कादंबरी याच शोधावर उभी आहे. भारतीय माणसाचं तसं नाही. तो विमानात बसण्याआधीच रंगाची उतरंड पाठ करून आलेला असतो.

भारतीय आणि नायजेरियन स्थलांतरितांची तुलना अधूनमधून होते, आणि बहुतेक वेळा ती पदव्या आणि पगार मोजून थांबते. आकडे खरोखरच डोळ्यांत भरणारे आहेत. अमेरिकेतल्या प्रौढ भारतीयांपैकी चारांतल्या तिघांकडे किमान पदवी आहे. नायजेरियातून आलेल्यांपैकी दहांतल्या सहा जणांकडे आहे. एकूण अमेरिकेत हे प्रमाण तीनात एकाच्या थोडं वर. ‘यांच्या संस्कृतीतच काहीतरी आहे’ असं म्हणायचा मोह इथेच होतो. येल विद्यापीठातले एमी चुआ आणि जेड रुबेनफेल्ड यांनी २०१४ साली एक पुस्तकच लिहिलं. अमेरिकेत वर आलेले आठ समाज त्यांनी निवडले. त्यांत भारतीयही होते आणि नायजेरियनही. आपण इतरांपेक्षा श्रेष्ठ आहोत ही भावना, आतून पोखरणारी असुरक्षितता आणि मनावरचा ताबा हे तीन गुण त्यांच्या यशाच्या मुळाशी आहेत, असा त्यांचा दावा.

हा दावा फार लवकर कोसळतो. गुण संस्कृतीचे असते तर नायजेरियातल्या कानोत आणि आपल्या कानपुरातही ते दिसले असते. देवेश कपूर, संजय चक्रवर्ती आणि निर्विकार सिंग या तिघांनी २०१६च्या आपल्या पुस्तकात अमेरिकेतल्या भारतीयांचा हिशेब मांडला, तो अधिक पटणारा आहे. आधी भारतातल्या जातिव्यवस्थेने उच्च शिक्षणापर्यंत कोण पोहोचणार हे ठरवलं. मग प्रवेश परीक्षांनी त्यातले थोडे उचलले. शेवटी अमेरिकेच्या व्हिसाने त्यातलेही थोडे, प्रामुख्याने संगणक आणि अभियांत्रिकीतले, आत घेतले. तीनदा चाळलेलं धान्य पाहून शेताची प्रत ठरवता येत नाही.

नायजेरियाचीही चाळणी आहे, फक्त तिची जाळी वेगळी. तिथून निघतो तो बहुधा शहरी, इंग्रजी शाळेत शिकलेला, मिशनऱ्यांच्या शिक्षणाची दोन-तीन पिढ्यांची परंपरा असलेल्या दक्षिणेतल्या घरातला. अमेरिकेने १९९०च्या कायद्याने व्हिसाची सोडत सुरू केली, तिचा नायजेरियनांना भरपूर लाभ झाला. संख्या वाढल्यावर २०१०नंतरच्या दशकात त्यांना त्या सोडतीतून वगळण्यात आलं. भारतीयांना एच-वन-बीचा राजरस्ता मिळाला तो त्याच कायद्यातून.

चाळणी दोघांनाही लागली, पण निकाल सारखा लागला नाही. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार २०२३मध्ये भारतीय कुटुंबाची मध्यम वार्षिक मिळकत दीड लाख डॉलरच्या वर होती, तर सगळ्या अमेरिकेची साधारण ऐंशी हजार. पदव्यांत भारतीयांच्या मागोमाग असलेले नायजेरियन मिळकतीत मात्र देशाच्या सरासरीच्या आसपास राहतात. याची काही कारणं साधी आहेत. त्यांच्यात परिचारिका आणि आरोग्यसेवक जास्त, संगणक अभियंते कमी. कुटुंबं नवी, स्थिरावायची आहेत. पण तीच पदवी, तेच इंग्रजी, आणि नोकरीच्या मुलाखतीत समोरच्याला आधी दिसते ती कातडी, हे कारणही त्यात आहेच. ते वगळून हा हिशेब जुळत नाही.

व्यक्तींची नावं घ्यायची तर दोन्ही बाजूंची यादी लांबेल. सत्या नडेला आणि सुंदर पिचाई घराघरांत ठाऊक आहेत. एनगोझी ओकोंजो-इवेला आपल्याकडे कमी ठाऊक आहेत, आणि ही खंत वाटावी अशी गोष्ट आहे. नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या बियाफ्राच्या युद्धाची होरपळ त्यांनी लहानपणी सोसली. पुढे त्यांनी एमआयटीतून डॉक्टरेट मिळवली, नायजेरियाचं अर्थखातं दोनदा सांभाळलं आणि १ मार्च २०२१ रोजी जागतिक व्यापार संघटनेचं महासंचालकपद स्वीकारलं. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या आफ्रिकी व्यक्ती. त्याच बियाफ्रात १९६८ साली जन्मलेले डॉ. बेनेट ओमालू पिट्सबर्गमध्ये शवचिकित्सक होते. २००२ साली माइक वेबस्टर या निवृत्त अमेरिकन फुटबॉलपटूच्या मेंदूची त्यांनी तपासणी केली आणि डोक्यावर वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदू कसा झिजतो ते दाखवून दिलं. अमेरिकेच्या सर्वांत श्रीमंत खेळाची मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. ओमालू मागे हटले नाहीत.

अशा यशाचा उपयोग यजमान देश कसा करून घेतो, हे पाहिलं की चित्र पालटतं. २००४ साली हार्वर्डमधले हेन्री लुई गेट्स आणि लानी गिनिअर या दोन काळ्या प्राध्यापकांनी एका गोष्टीकडे लक्ष वेधलं. विद्यापीठातल्या काळ्या विद्यार्थ्यांतले बहुसंख्य, कदाचित दोनतृतीयांश, वेस्ट इंडीज आणि आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांतले होते. ज्यांच्या पणज्या-खापरपणज्या अमेरिकेच्या कापसाच्या मळ्यांत राबल्या, त्यांची मुलं त्या वर्गांत फारच थोडी. ‘नायजेरियन करू शकतात, तर तुम्हाला काय धाड भरली?’ हा प्रश्न मग न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतल्या मुलाला विचारला जातो. भारतीयांचं उदाहरणही याच कामी वापरलं जातं, आणि आपल्यातल्या अनेकांना ते वापरलं जाणं सुखावतं.

अलाबामातल्या मॅडिसन गावी ६ फेब्रुवारी २०१५च्या सकाळी काय झालं ते इथे सविस्तर सांगायला हवं. गुजरातच्या खेड्यातले सत्तावन्न वर्षांचे एक गृहस्थ नातवाला सांभाळायला मुलाकडे नुकतेच आले होते. मुलगा अभियंता, घर नवं, वस्ती शांत. सकाळी ते पाय मोकळे करायला बाहेर पडले. शेजारच्या एकाने पोलिसांना फोन लावला: एक हडकुळा काळा माणूस लोकांच्या गॅरेजपाशी घुटमळतो आहे, बायकोला घरी एकटी ठेवून कामाला जायची भीती वाटते. पोलीस आले. गृहस्थांना इंग्रजी येत नव्हतं. ‘नो इंग्लिश’, ‘इंडिया’ असं म्हणत त्यांनी मुलाच्या घराकडे बोट दाखवलं. एका पोलिसाने त्यांचे हात मागे धरले आणि पायात पाय घालून त्यांना तोंडावर आपटलं. मणक्याला जबर इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली, अंगाचा काही भाग लुळा पडला. पोलिसाच्या गाडीतल्या कॅमेऱ्याने हे सगळं टिपलं होतं. गव्हर्नरने भारताची माफी मागितली. खटल्यात दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि शेवटी न्यायाधीशांनी पोलिसाला निर्दोष सोडलं.

भारतीय माध्यमांत संताप उसळला तो ‘आपल्या निरपराध माणसाला’ मारलं म्हणून. फोनवर जे सांगितलं गेलं त्याची चर्चा फार कमी झाली. त्या शेजाऱ्याने भारतीय पाहिला नव्हता. त्याने काळा माणूस पाहिला होता, आणि पोलिसाने काळ्या माणसाशी वागावं तसं तो वागला. ‘आपण काळे नाही’ हा भारतीयांचा दिलासा त्या सकाळी काडीच्या कामाला आला नाही.

तरीही हा दिलासा शंभर वर्षं जुना आहे. पंजाबातून अमेरिकेला गेलेले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले भगतसिंग थिंड यांचा नागरिकत्वाचा दावा १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. नागरिकत्व तेव्हा फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळत असे. थिंड यांच्या बाजूने मांडलं गेलं ते असं: हे उच्चवर्णीय आर्य आहेत, म्हणून गोरे आहेत, आणि गोरा अमेरिकन काळ्याकडे जसा बघतो तसाच उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या आदिवासींकडे बघतो. आपला तिरस्कार पुरावा म्हणून कोर्टात सादर झाला! वर्णभेदाचा कायदा रद्द करा, असं कुणी म्हटलं नाही. आम्हाला वरच्या रांगेत घ्या, एवढंच म्हटलं. न्यायालयाने एकमताने नकार दिला. त्या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचं नागरिकत्वही काढून घेण्यात आलं.

मग दारं उघडली कुणी? १९६४चा नागरी हक्कांचा कायदा आणि १९६५चा मतदानहक्काचा कायदा काळ्या अमेरिकनांनी लाठ्या, कुत्री आणि तुरुंग सोसून मिळवले. त्याच लाटेत ऑक्टोबर १९६५मध्ये वंशाच्या कोट्यावर चालणारा इमिग्रेशनचा जुना कायदा गेला. आज ज्यांच्या घरात ग्रीन कार्ड आहे, त्या भारतीयांचा आणि नायजेरियनांचा रस्ता अलाबामातल्या सेल्मा गावच्या, मतदानहक्काच्या मोर्चाने ओलांडलेल्या पुलावरून आला आहे. हे न्यू जर्सीच्या महाराष्ट्र मंडळांत आणि ह्यूस्टनच्या नायजेरियन चर्चमध्येही पुरेसं सांगितलं जात नाही.

नायजेरियनांनाही स्थानिक काळ्यांबद्दल पूर्वग्रह आहेत. ‘अकाटा’ हा त्यांचा हेटाळणीचा शब्द आफ्रिकन-अमेरिकनांना बोचतो, आणि ‘त्यांच्यासारखा होऊ नकोस’ हे वाक्य कित्येक नायजेरियन मुलांनी घरात ऐकलेलं असतं. पण रस्त्यावरचा पोलीस योरुबा आणि अकाटा असा फरक करत नाही. त्यामुळे दुसऱ्या पिढीला ही भिंत जपणं परवडत नाही. ‘ब्लॅक लाइव्हज मॅटर’ या चळवळीच्या तीन संस्थापक स्त्रियांपैकी ओपल टोमेटी ही नायजेरियन आईवडिलांची मुलगी. एका टोकाला बेडनॉक आणि दुसऱ्या टोकाला टोमेटी, इतका तो पल्ला आहे. भारतीयांत डाव्या प्रमिला जयपाल यांच्यापासून उजव्या विवेक रामस्वामी यांच्यापर्यंत पल्ला तेवढाच. फक्त भारतीय मुलाला बाजू घेणं टाळता येतं, आणि त्यातले पुष्कळ टाळतात.

आता घराकडे वळू. ३१ ऑक्टोबर २०१३. दिवाळी दोन-तीन दिवसांवर आली होती. गोव्यात पर्रा इथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाला. मृतदेह शवागाराकडे नेणारी गाडी पर्वरीजवळ त्याच्या देशबांधवांनी अडवली, शव राष्ट्रीय महामार्गावर ठेवलं आणि आमच्या वकिलातीचे लोक आल्याशिवाय हलणार नाही म्हणून बसले. साधारण दोनशे माणसं, मुंबई-गोवा वाहतूक काही तास ठप्प. मग स्थानिक जमावाशी हाणामारी झाली. खून कोणी केला याची चर्चा मागे पडली आणि नायजेरियन कसे असतात याची सुरू झाली. राज्याच्या एका मंत्र्याने त्यांना कॅन्सरची उपमा दिली, पुढे माफीही मागितली. त्यांना घरं भाड्याने देऊ नका, अशी भाषा गावागावांत सुरू झाली. एका नायजेरियन अधिकाऱ्याने तेव्हा सुनावलं की आमचे लोक भारतात जितके आहेत त्याच्या कितीतरी पट तुमचे लोक आमच्याकडे आहेत.

अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत काही नायजेरियन पकडले जातात, हे खरंच आहे. गोव्यात, नालासोपाऱ्यात, खारघरला अशा अटका झाल्या आहेत. त्या गुन्हेगारांना शिक्षा व्हायलाच हवी. पण त्याच गोव्यातले हजारो लोक पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडमधल्या स्विंडनला गेले आहेत, गोदामांत आणि कारखान्यांत राबतात. तिथे कुणी ‘गोवेकरांना घर देऊ नका’ असं पोस्टर लावलं, तर पणजीत काय होईल याची कल्पना करून पाहावी.

२०१७ साल तर विसरू नये असं. २२ फेब्रुवारीला कॅन्ससमधल्या एका बारमध्ये ‘माझ्या देशातून चालते व्हा’ असं ओरडत एका गोऱ्या माणसाने हैदराबादहून गेलेल्या अभियंत्याला गोळ्या घातल्या. भारतभर हळहळ झाली, संसदेत विषय निघाला. महिना उलटतो न उलटतो तोच मार्चच्या अखेरीस ग्रेटर नोएडात बारावीतला एक मुलगा दगावला. नायजेरियन विद्यार्थ्यांनी त्याला नशेचे पदार्थ दिल्याचा आरोप झाला. त्याआधी तर ते माणसं खातात अशी अफवाही पसरली होती. मेणबत्त्या घेऊन निघालेल्या मोर्चाची झुंड झाली आणि एका मॉलमध्ये सापडलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना खुर्च्यांनी, कचऱ्याच्या डब्यांनी बडवलं गेलं. सुरक्षारक्षक आणि गिऱ्हाइकं बघत राहिली. आफ्रिकी देशांच्या दिल्लीतल्या राजदूतांनी एकत्र येऊन हे हल्ले वांशिक असल्याचं लेखी सांगितलं. आपल्या सरकारने ते मानायला नकार दिला. कॅन्ससच्या त्या बारमध्ये एक गोरा अमेरिकन हल्लेखोराला अडवायला धावला होता आणि त्याने छातीवर गोळी झेलली होती.

हा तिटकारा आला कुठून, याचं उत्तर लग्नाच्या जाहिरातींतल्या ‘गोरी’ या अपेक्षेत जितकं आहे तितकंच जातीत आहे. नायजेरियाही यातून सुटलेला नाही. रंग उजळवणाऱ्या मलमांची तिथली बाजारपेठ अफाट आहे, आणि फेला कुटी या गायकाने १९७६ सालीच ‘यलो फीव्हर’ या गाण्यातून तिच्यावर कोरडे ओढले होते. इग्बोंमध्ये ‘ओसू’ ही वाळीत टाकलेली जात होती. १९५६च्या कायद्याने ती रद्द झाली, पण लग्न ठरवताना अजून चौकशी होते. चिनुआ अचेबे यांच्या १९६०च्या ‘नो लाँगर अ‍ॅट ईज’ या कादंबरीत इंग्लंडहून शिकून आलेला नायक ओसू मुलीच्या प्रेमात पडतो आणि ख्रिस्ती झालेले त्याचे आईवडीलही आडवे येतात. मराठी वाचकाला हे घर परकं वाटणार नाही.

खरं तर या विषयात मराठी माणसाने सगळ्यांच्या पुढे असायला हवं होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामीच्या निर्मूलनासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. डॉ. आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात शिकताना हार्लेमच्या शेजारी वर्षं काढली होती. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, काळ्यांच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतलं साम्य दाखवलं आणि संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ साली नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने मुंबईत दलित पँथर उभी केली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन.

हा वारसा कुठे कुठे जागा दिसतो. पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत यांच्या पुढाकाराने फेब्रुवारी २०२३मध्ये सिअ‍ॅटल हे जातिभेदावर बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. त्या ठरावाला तिथल्या काही भारतीय संघटनांनीच कडाडून विरोध केला. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ साली डेट्रॉइटमधून अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले, तेव्हा आपल्याकडे हारतुरे झाले. डेट्रॉइट हे बहुसंख्य काळ्यांचं शहर. जवळपास सत्तर वर्षांत पहिल्यांदाच तिथून एकही काळा प्रतिनिधी वॉशिंग्टनला गेला नाही. तिथल्या काळ्या मतदारांत त्याची बोच होती. ठाणेदार कायदेशीररीत्या, मतं मिळवून निवडून आले, यात वाद नाही. पण मराठीत त्या विजयाबद्दल जे लिहिलं गेलं, त्यात ही बोच शोधून सापडणार नाही.

नोव्हेंबर २०२४मध्ये भारताचे पंतप्रधान नायजेरियात गेले तेव्हा तिथल्या मराठी मंडळींनी त्यांना भेटून मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद सांगितला. साठ हजारांच्या घरात भारतीय तिथे राहतात, व्यापार करतात, कारखाने चालवतात. नायजेरियाचे माजी अध्यक्ष ओबासांजो तरुणपणी पुण्याच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. आजही आफ्रिकी विद्यार्थी पुण्यात येतात.

त्यांच्यापैकी कुणाला वाड्यात किंवा सोसायटीत ‘आफ्रिकनांना घर देत नाही’ असं तोंडावर सांगितलं, तर दाद कुठे मागायची? ब्रिटनमध्ये १९७६च्या वंशसंबंध कायद्यापासून घर आणि नोकरी नाकारणाऱ्याला न्यायालयात खेचता येतं, आणि तिथल्या रुग्णालयांतल्या भारतीय व नायजेरियन परिचारिका आज त्या हक्काचा वापर करतात. आपल्या राज्यघटनेचं पंधरावं कलम वंशावरून भेदभाव करायला मनाई करतं, पण ते नागरिकांपुरतं. ईशान्येतल्या तरुणांवरच्या हल्ल्यांनंतर २०१४ साली बेजबरुआ समितीने वांशिक अपमानासाठी दंडसंहितेत वेगळी कलमं घालायला सांगितलं होतं. ती आलीच नाहीत. ती यायला हवीत, घरभाड्याच्या नकारालाही लागू व्हायला हवीत, आणि त्यांत ‘नागरिक’ऐवजी ‘व्यक्ती’ असं लिहिलेलं असायला हवं. परदेशातल्या आपल्या मुलांसाठी आपण नेमकी हीच मागणी करत आलो आहोत.